सीईटीत गुण कमी पडले, तर विधी महाविद्यालय कसे निवडावे

सीईटीचा निकाल लागला की पुढचे काही दिवस आमच्या चेंबरमध्ये पक्षकारांपेक्षा पालकच अधिक येतात. हातात स्कोअरकार्डाची झेरॉक्स असते आणि प्रश्न ठरलेला असतो: "वकीलसाहेब, एवढ्या गुणांत कुठे मिळेल?" जिल्हा न्यायालयात वकिली करताना आणि दर वर्षी नवे ज्युनिअर हाताखाली घेताना माझे असे मत झाले आहे की, हा प्रश्न अर्धाच आहे. कुठे मिळेल हे कट-ऑफची यादी सांगतेच. पण जिथे मिळते त्यांपैकी कोणत्या ठिकाणी आयुष्याची तीन किंवा पाच वर्षे घालवावीत, हे कोणतीही यादी सांगत नाही. त्यासाठी थोडी पायपीट करावी लागते आणि काही अवघड प्रश्न तोंडावर विचारावे लागतात.

आधी नेमके काय कमी पडले, हे वेगळे करून पाहावे. क्लॅटचा, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेचा क्रमांक, राज्याच्या सीईटीचे गुण आणि बारावीची टक्केवारी या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा उपाय निराळा आहे.

बारावीच्या टक्केवारीची अट वकिली आणि विधी शिक्षणाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतून आली आहे: खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. ही अट पूर्ण होत नसेल, तर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचा दरवाजा बंद आहे आणि तो उघडून देतो असे कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून दूर राहावे. अशा विद्यार्थ्याने बी.ए. किंवा बी.कॉम. नियमित पूर्ण करावे आणि तिथे तेवढे टक्के मिळवून तीन वर्षांच्या एलएल.बी.ला यावे.

राज्याच्या सीईटीचे तसे नाही. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, आणि शून्यापेक्षा अधिक गुण असलेला विद्यार्थी, बाकीच्या अटी पूर्ण करत असल्यास, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत म्हणजे कॅपमध्ये उतरू शकतो. त्यामुळे "सीईटीत नापास झालो" हे वाक्य मुळातच चुकीचे आहे. गुण कमी पडले याचा खरा अर्थ एवढाच की मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचे आयएलएस आणि अशीच आणखी काही मागणीची नावे हातून गेली. १८५५ साली सुरू झालेल्या ज्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषवले, तिथे शिकायला मिळाले नाही याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या दोन-चार नावांखाली राज्यात फार लांब यादी आहे, आणि त्या यादीत चांगले व वाईट अगदी शेजारी शेजारी बसलेले आहे.

क्लॅटचा क्रमांक मागे गेला असेल तर लगेच पाटी कोरी करू नये. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत आणि तिन्हींत राज्यातील रहिवाशांसाठी जागा राखीव असतात. अखिल भारतीय क्रमांक पाहून निराश झालेले अनेक जण आपल्या प्रवर्गाचा आणि डोमिसाईलचा हिशेब करतच नाहीत. मात्र दूरच्या राज्यातील एखाद्या नव्या राष्ट्रीय विद्यापीठात केवळ "एनएलयू" (नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी) या तीन अक्षरांसाठी शिक्षण आणि वसतिगृह मिळून वर्षाला दोन-तीन लाख रुपये भरण्याआधी, तेवढ्या पैशांत घराजवळच्या चांगल्या महाविद्यालयात पाचही वर्षे निघतील का, हा हिशेब कागदावर मांडावा. क्लॅट डिसेंबरात होते आणि राज्याची सीईटी त्यानंतर काही महिन्यांनी. हा मधला काळ रडण्यात घालवू नये.

पुन्हा एक वर्ष थांबावे का, हेही हमखास विचारले जाते. थोड्या गुणांनी हुकले असेल आणि का हुकले हे बोट ठेवून सांगता येत असेल, तर थांबण्यात अर्थ आहे. "यंदा अभ्यासच झाला नाही" एवढेच कारण असेल तर पुढच्या वर्षीही ते बहुधा तसेच राहते. माझ्या मते वर्ष वाया घालवण्यापेक्षा पदवी करून तीन वर्षांच्या एलएल.बी.ला येणे अनेकांना अधिक मानवते. एकूण सहा वर्षे लागतात, पण बी.कॉम. केलेला मुलगा ताळेबंद वाचू शकतो, आणि धनादेश न वटल्याच्या किंवा भागीदारीच्या खटल्यात त्याचा जेवढा उपयोग होतो तेवढा पाच वर्षे सलग कायदा शिकलेल्याचा होईलच असे नाही. एक गैरसमज मात्र इथेच दूर करतो. "आत्ता मिळेल तिथे प्रवेश घेऊ, पुढच्या वर्षी क्लॅट देऊन मोठ्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला जाऊ" असा बेत पुष्कळ जण करतात. बार कौन्सिलच्या नियमांत मधल्या वर्षाला असा आडवा प्रवेश देण्यास मनाई आहे. पुन्हा परीक्षा देऊन गेलात तर पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. एकाच विद्यापीठाच्या दोन महाविद्यालयांमध्ये बदली मिळू शकते, पण ती त्या विद्यापीठाच्या नियमांवर आणि रिकाम्या जागेवर अवलंबून असते. तिच्या भरवशावर नावडते महाविद्यालय निवडू नये.

आता कॅपच्या पसंतीक्रमाविषयी. मिळण्याची शक्यता जास्त म्हणून साधे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. वाटप गुणवत्तेनुसार होते आणि यंत्रणा तुमची यादी वरून खाली वाचते; वरचे मिळाले नाही म्हणून खालच्यावरचा तुमचा हक्क कमी होत नाही. त्यामुळे यादी खऱ्या आवडीच्या क्रमाने भरावी, आणि जिथे जायचेच नाही असे नाव केवळ रकाना भरण्यासाठी लिहू नये, कारण नेमके तेच पदरात पडते. मुंबईत आणखी एक बाब ध्यानात घ्यावी: तिथली अनेक विधी महाविद्यालये भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याक संस्थांची आहेत आणि त्यांच्या जागांचा मोठा वाटा त्या समाजासाठी असतो, म्हणून इतरांसाठीचा कट-ऑफ एकूण जागा पाहून वाटतो त्यापेक्षा वर जातो.

यादी तयार झाली की प्रत्येक नावापुढे पहिला प्रश्न एकच असावा: या महाविद्यालयाला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, आणि ती आपल्या प्रवेशाच्या वर्षाला लागू आहे का? मान्यता नसलेल्या महाविद्यालयाच्या पदवीवर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही. कार्यालयात जाऊन मान्यतेचे पत्र पाहायला मागावे. किती तुकड्यांना मान्यता आहे तेही त्यात वाचावे, कारण एका तुकडीत ६० विद्यार्थी ही मर्यादा आहे आणि दोन तुकड्यांच्या मान्यतेवर तीन तुकड्यांचे प्रवेश होत असतील तर पुढे त्रास विद्यार्थ्यालाच होतो. "मान्यतेची फाईल दिल्लीला गेली आहे" हे उत्तर मिळाले तर नमस्कार करून बाहेर पडावे. ऑगस्ट २०२५ मध्ये बार कौन्सिलने नवीन विधी महाविद्यालयांना मान्यता देण्यावर तीन वर्षांची स्थगिती आणली आहे, तेव्हा अगदी नव्या संस्थांच्या बाबतीत ही तपासणी दुप्पट काळजीने करावी.

कागद पाहून झाले की प्रत्यक्ष भेट. मी इथे थोडा रेंगाळणार आहे, कारण माहितीपत्रकात जे दडते ते इथे दिसते. सुट्टीच्या दिवशी किंवा प्रवेशाच्या गर्दीत जाऊ नये; वर्ग चालू असताना, आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी अकराच्या सुमारास जावे. फलकावरचे वेळापत्रक वाचावे आणि त्या तासाला त्या खोलीत खरोखर कोणी शिकवत आहे का ते दारातून पाहावे. नियमांनुसार पूर्णवेळ विधी अभ्यासक्रमात आठवड्याला किमान ३० तास आणि त्यांत किमान २४ व्याख्याने अपेक्षित आहेत. फलकावर आठवड्याला बाराच तास दिसले तर बाकीच्यांचे काय होते, हे प्राचार्यांना सौम्य शब्दांत विचारायला हरकत नाही.

काही वर्षांपूर्वी भाचीच्या प्रवेशासाठी तिला घेऊन दोन महाविद्यालये पाहिली. पहिल्याची इमारत काचेची होती आणि स्वागतकक्षात एसी होता. ग्रंथालय पाहायचे आहे म्हटल्यावर कपाटाची किल्ली शोधण्यात वीस मिनिटे गेली. दिवाणी प्रक्रिया संहितेवरचा जाड ग्रंथ उघडला, तर शेवटच्या पानावर चिकटवलेल्या देवघेवीच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता. पाने एकमेकांना चिकटलेली होती. निकालपत्रांच्या संग्रहाचे खंड होते, पण मधल्या एका वर्षानंतर रांग तुटलेली. मूट कोर्टच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या न्यायालयाच्या दालनात न्यायाधीशांच्या व्यासपीठावर प्लॅस्टिकच्या खुर्च्या छतापर्यंत रचल्या होत्या. दुसरे महाविद्यालय तालुक्याच्या गावी, जुन्या वाड्यासारख्या इमारतीत होते आणि जिन्यात पावसाचे पाणी गळत होते. पण विधी साहाय्य केंद्राच्या टेबलावर एक लांबट नोंदवही होती आणि जवळजवळ प्रत्येक शनिवारची नोंद तीत होती: गावाचे नाव, तक्रार कशाची, वाटपाची की पोटगीची की सातबाऱ्यावरच्या नोंदीची, कोणता सल्ला दिला, आणि खाली दोन विद्यार्थ्यांच्या व एका प्राध्यापकाच्या सह्या. भाचीने ती वही बराच वेळ चाळली आणि परतताना एसटीत बसल्यावर म्हणाली, "मामा, इथेच घेऊ." मला वाद घालावा लागला नाही.

त्या अनुभवावरून मी आता सर्वांना सांगतो की ग्रंथालयातील चिठ्ठी आणि विधी साहाय्य केंद्राची वही या दोन गोष्टी पाहाव्यात. आणखी एक सोपी खूण आहे. भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाले. त्यांवरची पुस्तके कपाटात आहेत का, आणि फौजदारी कायदा शिकवणारे प्राध्यापक जुन्या व नव्या कलमांची तुलना करून शिकवतात का, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठून विचारावे. प्राचार्यांपेक्षा ही मुले अधिक खरे सांगतात. चहाचे पैसे तेवढे आपण द्यावेत.

"वर्गाला यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या" ही जाहिरात कमी गुणांच्या विद्यार्थ्यांनाच गाठते, विशेषतः नोकरी करणाऱ्यांना. बार कौन्सिलच्या नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरीची अट आहे, टपालाने किंवा दूरस्थ पद्धतीने घेतलेली एलएल.बी. सनदेसाठी चालत नाही, आणि एलएल.बी. चालू असताना दुसरा नियमित पदवी अभ्यासक्रम करता येत नाही. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाने बायोमेट्रिक हजेरी आणि विद्यार्थ्यांकडून नोकरीबाबतची घोषणा मागण्यास सुरुवात झाली आहे. नोकरदारांनी सकाळच्या सत्राचे महाविद्यालय शोधावे. नियमांत सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळेत वर्ग भरवण्याची मुभा आहे, आणि अनेक जुनी महाविद्यालये तीन वर्षांचे वर्ग सकाळीच भरवतात. पण न शिकता मिळवलेली पदवी पहिल्याच उलटतपासणीत उघडी पडते, आणि तिथे हसणारा समोरचा वकील असतो.

महाविद्यालयाच्या नावापेक्षा मी गावाला अधिक महत्त्व देतो, हे इथे मोकळेपणाने कबूल करतो. ज्या गावात जिल्हा न्यायालय, कौटुंबिक न्यायालय, कामगार न्यायालय, ग्राहक आयोग आणि शक्य असल्यास उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, तिथे विद्यार्थी तास संपल्यावर चालत न्यायालयात जाऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयाची खंडपीठे नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा इथे आहेतच. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे काम तिथे चालते. ज्या अपिलांसाठी पूर्वी पक्षकार आणि वकील रात्रीच्या गाडीने मुंबई गाठत, ती आता तिथे ऐकली जातात. या पट्ट्यातील ज्या विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईचे नामांकित महाविद्यालय मिळाले नाही, त्याने कोल्हापूरच्या शहाजी विधी महाविद्यालयासारख्या पर्यायाकडे नव्या नजरेने पाहायला हवे. मराठवाड्यातल्यांना छत्रपती संभाजीनगरच्या माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालयाबद्दल आणि विदर्भातल्यांना नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालयाबद्दल हेच म्हणता येईल.

इंटर्नशिपचा नियमही गावाशीच जोडलेला आहे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे इंटर्नशिप करावी लागते, एका वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नसावी, आणि खटले चालवणाऱ्या व अपिले चालवणाऱ्या वकिलांकडे निदान एकदा तरी काम केलेले असावे, अशी अपेक्षा आहे. महानगरात यासाठी ओळख शोधावी लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी बार रूममध्ये जाऊन दोन वकिलांना विचारले तर तिसरा बोलावून घेतो. शिवाय जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. दावा, कैफियत, शपथपत्र मराठीत नेटके लिहिता येणारा ज्युनिअर आज शोधावा लागतो, हे मी रोज अनुभवतो. मराठी माध्यमातून आलेल्यांनी विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तरे मराठीत लिहिता येतात का, हे आधी विचारून घ्यावे. मात्र उच्च न्यायालयातील कामकाज इंग्रजीत चालते, म्हणून पाच वर्षांत इंग्रजी वाचनाची सवय लावण्यावाचून गत्यंतर नाही.

सीमेलगतच्या विद्यार्थ्यांनी राज्याबाहेरही पाहावे. बेळगावचे राजा लखमगौडा विधी महाविद्यालय, पणजीजवळ मिरामारचे व्ही. एम. साळगावकर आणि मडगावचे जी. आर. कारे ही महाविद्यालये आपल्या सीईटी कक्षाच्या प्रक्रियेत येत नाहीत, त्यांचे नियम आणि तारखा वेगळ्या असतात. पदवी बाहेरची असली तरी सनद जिथे वकिली करायची त्या राज्याच्या बार कौन्सिलकडे घेता येते. आणि गोव्यासाठी तर महाराष्ट्र व गोवा मिळून बार कौन्सिल एकच आहे.

पैशांच्या बाबतीत "फी किती" एवढेच विचारून भागत नाही. शासकीय आणि अनुदानित वर्गांची फी तुलनेने फार कमी असते, विनाअनुदानितची तिच्या अनेक पट. आणि एकाच महाविद्यालयात तीन वर्षांचा वर्ग अनुदानित व पाच वर्षांचा विनाअनुदानित असू शकतो, म्हणून आपण भरतो त्या वर्गाबद्दलच विचारावे. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांची फी २०१५ च्या कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. मंजूर आकडा पाहून मगच पावती घ्यावी. देणगीच्या नावाखाली वेगळी रक्कम मागणे १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि वकील होऊ पाहणाऱ्याने शिक्षणाची सुरुवातच बिनपावतीच्या व्यवहाराने करू नये.

कमी गुणांच्या विद्यार्थ्याला घाईघाईने व्यवस्थापन कोट्यात, म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागांत ओढले जाते. तिथे एक छुपा तोटा आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजना आणि जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना मिळणारी शुल्कमाफी ही केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशाला आहे. कॅपच्या पुढच्या फेरीत थोडे खालचे महाविद्यालय मिळत असेल, तर व्यवस्थापन कोट्यातले "वरचे" महाविद्यालय एकूण किती महाग पडते, हे पाचही वर्षे धरून मोजावे.

नावाचा काहीच उपयोग नाही, असे मी म्हणणार नाही. मोठ्या कॉर्पोरेट लॉ फर्म नेमणुकांसाठी थोड्याच संस्थांच्या दारात जातात आणि सुरुवातीच्या पगारात हा फरक उघड दिसतो. ज्याला तोच रस्ता धरायचा आहे, त्याने पदवीनंतर क्लॅटमार्फत राष्ट्रीय विद्यापीठातून एलएल.एम. करण्याचा पर्याय आधीपासून मनात ठेवावा. न्यायालयात उभे राहायचे असेल तर मात्र सगळ्यांना एकाच चाळणीतून जावे लागते: पदवीनंतर नावनोंदणी, जिचे शुल्क सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालानुसार खुल्या प्रवर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांहून अधिक घेता येत नाही, आणि त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. न्यायाधीश व्हायचे असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्याच मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे, म्हणजे त्या वाटेवरही आधी जिल्ह्याच्या न्यायालयात तारखा सांभाळणे आलेच.

प्रवेशाच्या दिवशी मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, लागू असेल तिथे जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता आणि चालू मुदतीचे नॉन-क्रीमी लेयर यांच्या तीन-तीन प्रती सोबत ठेवाव्यात. वैधतेचा अर्ज निकालाची वाट न पाहता बारावीतच टाकावा, कारण दर वर्षी मिळालेली जागा या एका कागदावाचून गेलेले विद्यार्थी मी पाहतो. मूळ कागद जमा केल्यास त्यांची पोच लेखी घ्यावी. आणि फी भरल्यावर काउंटर सोडण्याआधी पावतीवर अभ्यासक्रमाचे नाव, वर्ष आणि प्रवेश कॅपचा की संस्थास्तरावरचा, हे नीट वाचून घ्यावे.